लायब्ररीत मुलांचा वाचनकट्टा सुरू करायचाय? मग हे वाचून घ्या

आपल्या भागातल्या सार्वजनिक लायब्ररीत मुलांसाठी काहीतरी सुरू करावं असं मनात आलं की बहुतेक जण आधी पुस्तकं गोळा करायला लागतात, ग्रुपवर मेसेज जातो की घरात पडून असलेली पुस्तकं द्या, आणि मग जुनी गाइडं, पानं सुटलेली मासिकं, कुणाच्या तरी कॉलेजची क्रमिक पुस्तकं असे गठ्ठे येऊन पडतात आणि ते निवडण्यातच सगळ्यांचा उत्साह संपतो. म्हणून सांगते, पुस्तकं नंतर. आधी लायब्ररीत जाऊन बसा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी तासभर नुसतं बसायचं आणि बघायचं की मुलं येतात का, आली तर कोणाबरोबर येतात, कुठल्या कपाटापर्यंत जातात, काउंटरवर त्यांच्याशी कोण कसं बोलतं, बालविभाग असेल तर तो उघडा असतो की कुलूपबंद. हे मीटिंगमध्ये बसून कळत नाही.

आणि डोक्यात एकच गोष्ट पक्की ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: मुलाने स्वतः निवडलेलं पुस्तक घरी न्यावं आणि पुढच्या आठवड्यात ते परत करून दुसरं न्यावं. गोष्ट वाचणं, खेळ, चित्रं, पाहुणे हे सगळं या एका फेरीसाठी. एखादी आयडिया कितीही छान वाटली तरी तिच्यामुळे ही फेरी अडत असेल, म्हणजे वेळ खाल्ला जात असेल किंवा मुलं घाबरत असतील, तर ती सोडून द्या.

आधी ग्रंथपालांशी बोला

कार्यक्रम तुमचा असला तरी जागा, पुस्तकं आणि जबाबदारी लायब्ररीची असते, त्यामुळे परवानगीचा अर्ज पुढे करायच्या आधी ग्रंथपालांना त्यांची अडचण विचारा. पुस्तकं हरवली तर साठा तपासणीच्या वेळी उत्तर त्यांना द्यावं लागतं, मुलांच्या आवाजाने पेपर वाचायला येणारे सभासद तक्रार करतात, स्टाफ कमी असतो, आणि बऱ्याचदा आधी कुणीतरी असंच काहीतरी वाजतगाजत सुरू करून महिन्याभरात यायचं बंद केलेलं असतं. ही शेवटची अडचण सगळ्यात खरी आहे आणि ती नुसत्या बोलण्याने जात नाही. पुढच्या सहा महिन्यांच्या तारखा आणि प्रत्येक तारखेसमोर कोण दोघं येणार त्यांची नावं असा कागद त्यांच्या हातात द्या, मग बोलणं वेगळ्याच सुरात होतं.

एका पानावर सगळं लिहून घ्या: दिवस, वेळ, कुठली खोली, किल्ली कोणाकडे, मुलांचं कार्ड कसं होणार, एका वेळी किती पुस्तकं, हरवलं-फाटलं तर काय, तुमच्याकडून कोण उत्तरदायी आणि लायब्ररीकडून कोण. मुलांसाठी अनामत रक्कम माफ होते का तेही विचारा, कारण ज्या घरांतल्या मुलांना या उपक्रमाची सगळ्यात जास्त गरज असते ती घरं नेमकी इथेच थांबतात. समितीपुढे बोलायची वेळ आली तर युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनामा हाताशी ठेवा. तो पहिल्यांदा १९४९ मध्ये आला, १९९४ मध्ये इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघासोबत नव्याने लिहिला गेला आणि २०२२ मध्ये परत सुधारला, त्यात ही सेवा तत्त्वतः मोफत असावी असं म्हटलंय आणि मुलांमध्ये वाचनाची सवय रुजवणं हे लायब्ररीच्या मुख्य कामांत धरलंय. म्हणजे तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

दुसरी मागणी मुक्तद्वार पद्धतीची करा, म्हणजे वाचकाने स्वतः कपाटाशी जाऊन पुस्तक निवडायची, निदान मुलांच्या पुस्तकांपुरती. कपाटाला काच आणि कुलूप, मूल काउंटरवर उभं राहून नाव सांगणार आणि कुणीतरी आतून पुस्तक आणून देणार, अशाने सात-आठ वर्षांचं मूल काय निवडणार? त्याला पुस्तकांची नावंच माहीत नसतात, ते चित्र बघून, जाडी बघून, दोन पानं उलटून निवडतं. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले त्यातला पहिलाच नियम आहे की पुस्तकं वापरण्यासाठी असतात, आणि पुढचे दोन म्हणजे प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. ग्रंथपालांनी हे नियम शिकलेले असतात, त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलं की पटकन पटतं.

पुस्तकं कुठली, किती

तीस मुलांनी सुरुवात करणार असाल तर दीडशेच्या आसपास चांगली पुस्तकं पुरतात. आकडा महत्त्वाचा नाही, पण शेवटी पुस्तक घ्यायला येणाऱ्या मुलालाही खरीखुरी निवड उरली पाहिजे, मुलांपेक्षा चार-पाच पट पुस्तकं असली की ती उरते. लायब्ररीकडे आधीच असलेली बालपुस्तकं काढून बघा, फाटकी, बारीक टाइपाची, पिवळी पडलेली ग्रंथपालांना विचारून बाजूला ठेवा, कारण एका कपाटात वाईट पुस्तकं जास्त असली की चांगली दिसतच नाहीत. दान घ्यायचं तर यादी देऊन घ्या, "ही वीस पुस्तकं हवीत, यातलं एखादं विकत घेऊन द्याल का" असं म्हटलं की लोक आनंदाने देतात.

निवडताना मुलांच्या घरच्या भाषेतली पुस्तकं आधी, मग बाकीच्या भाषांतली. दोन भाषांत समोरासमोर मजकूर असलेली पुस्तकं असली तर फारच उत्तम. शब्द नसलेली नुसत्या चित्रांची पुस्तकं हमखास ठेवा, त्यांचा उपयोग पुढे सांगते. माहितीची पुस्तकं भरपूर ठेवा, किडे, ग्रह, मशिनं, डायनोसॉर, माणसाच्या पोटात काय चालतं वगैरे, कारण गोष्टी अजिबात न आवडणारी मुलं असतात आणि ती "वाचत नाहीत" असा शिक्का घेऊन फिरतात, त्यांच्या हातात इंजिनाचं चित्र असलेलं पुस्तक दिलं की तासभर मान वर करत नाहीत. कॉमिक्सना नाक मुरडू नका. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिलं होतं की मुलांना पुस्तकात आरसाही हवा आणि खिडकीही, म्हणजे आपल्यासारखं कुणीतरी दिसलं पाहिजे आणि आपल्याहून वेगळं जगही. तुमच्या कपाटातल्या पुस्तकांत तुमच्याकडे येणाऱ्या मुलांच्या घरांसारखी घरं आहेत का, मुली नुसत्या मदत करताना दिसतात की स्वतः काही करताना, व्हीलचेअरवरचं मूल एखाद्या तरी गोष्टीत आहे का, हे एकदा शांतपणे तपासा.

पैसे कमी असतील तर प्रथम बुक्स या बालपुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर साइटवर बघा, २०१५ पासून ती सुरू आहे, मराठीसकट खूप भाषांतल्या सचित्र गोष्टी तिथे खुल्या परवान्यात आहेत, म्हणजे डाउनलोड करून छापल्या, वाटल्या तरी चालतं, फक्त लेखक-चित्रकाराचं श्रेय द्यायचं. रंगीत प्रिंट काढून मध्ये दोन स्टेपल मारल्या की पुस्तक तयार.

मांडणी करताना मुलांच्या छातीपेक्षा उंच काही ठेवू नका आणि निदान तीस-चाळीस पुस्तकं कव्हर समोर येईल अशी उभी ठेवा, नुसता कणा बघून लहान मूल हात लावत नाही. पातळीसाठी कण्यावर रंगीत स्टिकर लावता येतात, हिरवा म्हणजे एका पानावर एखादं वाक्य, पुढचा रंग म्हणजे परिच्छेद असं काहीतरी. पण स्टिकर शोधायला सोपं जावं म्हणून आहे, "तुझा रंग हिरवा, तू निळ्याला हात लावायचा नाही" असं कुणीही कधीही म्हणू नये. अवघड पुस्तक घरी नेलं तर नेलं, चित्रं बघेल, नाही जमलं तर परत आणेल, त्यात काही बिघडत नाही.

वेळ ठरलेली, क्रम ठरलेला

आठवड्यातून एकदा, दर वेळी तोच वार, तीच वेळ, साधारण सव्वा तास, आणि अंधार पडायच्या आत मुलं घरी पोचतील अशी. दोनच मुलं आली तरी घ्यायचं. महिन्यातून एकदा मोठा कार्यक्रम करण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण मूल विसरायच्या आत पुढचा आठवडा येतो. पुस्तकं परत करण्याने सुरुवात करा, मग दहा-पंधरा मिनिटं नुसतं कपाटाशी घुटमळू द्या, कुणीही काही शिकवायला जाऊ नका. त्यानंतर सगळ्यांना बसवून एक गोष्ट मोठ्याने वाचायची, मग ज्याने त्याने एकट्याने किंवा जोडीने वाचायचं, आणि शेवटची पंधरा मिनिटं देवघेवीची. या शेवटच्या पंधरा मिनिटांना कात्री लावायचा मोह होतो, कारण गोष्ट लांबते, खेळ रंगतो, पण मूल रिकाम्या हाताने घरी गेलं तर त्या दिवशीचं मुख्य कामच झालं नाही असं समजा.

मोठ्याने वाचणं हे वाटतं तितकं सोपं नाही. पुस्तक आदल्या दिवशी दोनदा वाचून या. पुस्तक स्वतःकडे न धरता मुलांकडे तोंड करून, खांद्याच्या बाजूला धरायचं आणि तिरक्या नजरेने वाचायचं, सुरुवातीला मान दुखते मग सवय होते. नाटकी आवाज काढायलाच हवेत असं नाही, सावकाश वाचा आणि पान उलटायच्या आधी थांबा, एवढ्यावर निम्मं काम होतं. प्रश्न विचारायचे तर असे की ज्याला एकच उत्तर नाही: "हा आता काय करेल असं वाटतं?", "हिने असं का केलं असेल?" मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये लहान मुलांच्या आईवडिलांना असंच वाचायला शिकवून बघितलं होतं, म्हणजे मोठ्याने नुसतं वाचत जायचं नाही, मुलाला बोलतं करायचं, ते म्हणालं "कुत्रा पळतो" की आपण म्हणायचं "हो, काळा कुत्रा घाबरून पळतोय", आणि महिन्याभरातच त्या मुलांची भाषा बाकीच्यांपेक्षा पुढे गेलेली दिसली. मात्र गोष्ट संपली की तात्पर्य सांगू नका. खरंच नका. "मग या गोष्टीतून आपण काय शिकलो" हे वाक्य ऐकलं की मुलांचे चेहरे वर्गात बसल्यासारखे होतात.

वाचता न येणारी मुलं

ही मुलं येतातच, आणि ती ओळखू येत नाहीत कारण ती फार हुशारीने लपवतात. पानं भराभर उलटतात, सतत पाणी प्यायला जातात, दुसऱ्याच्या मागे बसून ओठ हलवतात, किंवा दंगा करतात. त्यांना सगळ्यांसमोर वाचायला उभं करणं हा कट्टा बंद पाडायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग आहे. मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये हे चक्र नीट मांडलं होतं, ज्याला सुरुवातीला वाचायला जमतं तो जास्त वाचतो, त्याचे शब्द वाढतात, त्यामुळे अजून सोपं जातं, आणि ज्याला जमत नाही तो टाळतो आणि अंतर वाढतच जातं. तुमचं काम हे टाळणं थांबवायचं, बाकी वाचायला शिकवायचं काम शाळेचं आहे आणि तुम्ही ते करायला लागलात तर दुसरी शाळाच होईल.

इथे शब्द नसलेली पुस्तकं कामाला येतात, कारण चित्रावरून गोष्ट सांगताना तो मुलगा आणि भराभर वाचणारी मुलगी एकाच जागी असतात. दुसरा उपाय जोडीने वाचायचा. एक मोठं कुणीतरी, व्हॉलंटिअर किंवा दोन-तीन वर्षांनी मोठं मूल, आणि एक छोटं, दोघांनी एकाच वेळी एकाच आवाजात वाचायला सुरुवात करायची, छोट्याला वाटलं की आता मला येतंय तर त्याने टकटक करायचं, मग मोठ्या जोडीदाराने गप्प बसायचं. अडला तर चार-पाच सेकंद थांबायचं, तरी नाही आलं तर शब्द सांगून पुढे जायचं, फोड करून "क ला काना का" सुरू करायचं नाही. कुणी "हे बाळांचं पुस्तक वाचतो" म्हणून चिडवू नये यासाठी एक युक्ती म्हणजे मोठ्या मुलांना सोपी पुस्तकं "छोट्यांना वाचून दाखवायला" म्हणून घरी द्या, त्यांना मान मिळतो आणि त्यांच्या योग्यतेचं वाचनही होतं. डोळ्यांनी नीट दिसत नाही असं एखादं मूल आलं तर त्याच्यासाठी ऐकायच्या गोष्टी फोनवर आणि हेडफोन ठेवा, आणि एखादं मूल पुस्तक फार जवळ धरत असेल तर घरच्यांच्या कानावर घाला, बऱ्याचदा चष्म्याचाच प्रश्न निघतो.

बक्षिसं देऊ की नको

माझं स्पष्ट मत, पुस्तक वाचल्याबद्दल बक्षीस नको. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आहे, बालवाडीतल्या चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सर्टिफिकेट मिळेल, ते मिळालंही, आणि पुढे त्याच मुलांनी आपणहून चित्रं काढायला बाकीच्या मुलांपेक्षा कमी वेळ दिला. वाचनातही शर्यत लावली की मुलं बारकी बारकी पुस्तकं पटापट संपवून आकडा वाढवतात आणि हळू वाचणारं मूल पहिल्याच पंधरवड्यात बाहेर पडतं. उत्साहासाठी काहीतरी हवंच असेल तर सगळ्यांचं मिळून एक करा, भिंतीवर झाडाचं चित्र आणि प्रत्येक वाचलेल्या पुस्तकाचं एक पान, त्यावर हवं तर नाव आणि आवडलं की नाही. नाही आवडलं असंही लिहायची परवानगी द्या, मग जे आवडलं म्हणतात त्यालाही किंमत येते. ब्रिटनमध्ये १९९९ पासून दर उन्हाळ्यात लायब्ऱ्यांमधून समर रीडिंग चॅलेंज चालतं, त्यात साधारण ६ पुस्तकं वाचायची असतात, पण कुठली ते मूल ठरवतं आणि पहिला-दुसरा नंबर नसतो, सगळ्यांची रेषा एकच. सुट्टीत शाळा बंद असते तेव्हा असं काहीतरी ठेवाच, आणि त्या दिवसांत एका वेळी दोन-तीन पुस्तकं न्यायला द्या.

हरवणार, फाटणार, भिजणार

हे गृहीत धरा आणि ग्रंथपालांनाही आधीच सांगा. दंड लावला तर हरवलेलं पुस्तक तर येत नाहीच, मूलही येत नाही, कारण घरी बोलणी खायची भीती असते. शिकागोच्या सार्वजनिक लायब्ररीने ऑक्टोबर २०१९ मध्ये उशिराचा दंडच काढून टाकला, तर वर्षानुवर्षं घरात पडलेली पुस्तकं घेऊन लोक परत आले. तुम्ही असं करा, फाटलेल्या पुस्तकांसाठी एक खोकं ठेवा, त्याला मुलं स्वतःच पुस्तकांचा दवाखाना म्हणायला लागतील, महिन्यातून एकदा चिकटपट्टी, डिंक आणि पांढरे कागद घेऊन मुलांनाच दुरुस्तीला बसवा. स्वतः चिकटवलेलं पुस्तक मूल सहसा परत फाडत नाही. देवघेवीचं रजिस्टरही दहा-बारा वर्षांच्या मुलांकडे द्या, तारीख, नाव, दाखल क्रमांक (लायब्ररीने पुस्तकावर टाकलेला नंबर), एवढंच लिहायचं असतं, शेजारी एक मोठं माणूस बसलं की पुरे. ज्याने रजिस्टर सांभाळलंय ते मूल गैरहजर राहत नाही.

घरची माणसं

पालकांना पहिल्याच आठवड्यात एकदा बोलवा, वीस मिनिटं पुरेत. भाषण नको. एक छोटी गोष्ट त्यांनाच वाचून दाखवा आणि सांगा की घरी पुस्तक आलं की दहा मिनिटं त्याच्याजवळ बसा, प्रश्नोत्तरं घेऊ नका. ज्यांना स्वतःला वाचता येत नाही असे आईवडील किंवा आजी-आजोबा इथे मागे सरकतात, त्यांच्याशी वेगळं आणि प्रेमाने बोला: पुस्तक उघडून मुलाला म्हणायचं, "मला सांग ना काय चाललंय यात," आणि ऐकायचं, मध्ये मध्ये "मग?" म्हणायचं. एवढं केलं तरी मुलाला कळतं की घरात या वस्तूला महत्त्व आहे. अगदी तान्ही मुलं कडेवर घेऊन आलेल्या आयांनाही परत पाठवू नका, ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅममध्ये १९९२ साली बुकस्टार्ट हा बाळांना पुस्तकं देण्याचा उपक्रम सुरू झाला तोच ३०० बाळांना पुस्तकं देऊन, लायब्ररी आणि आरोग्यसेविका दोघींनी मिळून. तुमच्याकडेही लसीकरणाच्या दिवशी दवाखान्यात लायब्ररीचं पत्रक आणि एखादं जाड पानांचं पुस्तक ठेवता येईल का बघा.

जी मुलं येतच नाहीत त्यांच्याकडे तुम्हाला जावं लागेल. पिशवीत तीस पुस्तकं भरून त्यांच्या वस्तीत, चौकात, जिथे ती खेळतात तिथे बसायचं, चार-पाच आठवडे तिथेच देवघेव करायची आणि मग एक दिवस सगळ्यांनी मिळून चालत लायब्ररीत यायचं. एकट्याने त्या दारातून आत शिरायला पुष्कळ मुलांना भीती वाटते.

व्हॉलंटिअर आणि सुरक्षितता

पंचवीस-तीस मुलांना पाच माणसं लागतात, म्हणजे यादीत आठ-नऊ हवीत कारण दर वेळी कुणीतरी येऊ शकणार नाही. कॉलेजची मुलं उत्साही असतात पण परीक्षेच्या वेळी जातात, निवृत्त माणसं टिकतात, दोन्ही मिसळून घ्या. घ्यायच्या आधी दोन आठवडे नुसतं बसायला बोलवा आणि बघा की ते मुलांच्या उंचीला येऊन बोलतात की वरून सूचना देतात. नियम लेखी ठेवा आणि सगळ्यांना सारखे ठेवा: कुणीही एकट्या मुलासोबत बंद खोलीत नाही, कायम दोन मोठी माणसं, पालकांच्या लेखी संमतीशिवाय फोटो नाही आणि ग्रुपवर मुलांचे चेहरे टाकायचे नाहीत, मुलांचे फोन नंबर व्हॉलंटिअरने स्वतःकडे ठेवायचे नाहीत. कुणाला हे नियम जाचक वाटले तर त्यांना दुसरं काम द्या, मुलांसोबतचं नाही.

काय मोजायचं

वाचनाचा वेग मोजू नका, परीक्षा घेऊ नका. रजिस्टरमधूनच सगळं कळतं: मागच्या महिन्यात आलेल्यांपैकी या महिन्यात किती आले, एका मुलामागे किती पुस्तकं गेली, कुठली पुस्तकं एकदाही हलली नाहीत (ती बदला) आणि कुठल्यांसाठी भांडणं होतात (त्यांच्या आणखी प्रती घ्या). तीन आठवडे न आलेल्या मुलांची नावं वेगळी काढा आणि कुणीतरी सहज घरी जाऊन या, कारण कधी आजारपण असतं, कधी धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं, आणि कधी पुस्तक हरवलेलं असतं आणि सांगायची हिंमत नसते. भावंडाला घेऊन ये आणि हरवलं तर राहू दे, एवढं सांगितलं तरी निम्मी परत येतात.

२ एप्रिलला आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन असतो, १९६७ पासून साजरा होतो, तेव्हा कार्यक्रम ठेवायचा तर मुलांनी पाहुण्यांना वाचून दाखवायचा ठेवा, पाहुण्यांनी मुलांना भाषण द्यायचा नको. आणि बॅनर, हार, स्टेज यावर जाणारे पैसे आधीच वेगळे काढून पुस्तकांत घाला.

साधारण आठव्या-नवव्या महिन्यापासून हळूहळू एकेक काम लायब्ररीच्या स्टाफकडे द्यायला लागा, आधी रजिस्टर, मग पुस्तकांची खरेदी, मग महिन्यातली एक बैठक त्यांनीच घ्यायची. पुढच्या वर्षीचं बजेट ठरायच्या आधी समितीला एका पानाचा हिशोब द्या, किती मुलं, किती देवघेव, किती पुस्तकं हरवली, नव्या पुस्तकांना किती लागतील, आणि त्याच्यासोबत पुढच्या वर्षाच्या तारखा आणि नावांचा कागद.